पहिल्या नंबरचा मुलगा गेला आणि आकडा थोडासाच घसरला

15 डिसेंबर 2021, बुधवार. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा सह्यांचा दिवस होता. शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेली मुलं त्या दिवशी कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार त्याच्या करारावर सही करतात. पूर्वी हा सगळा सोहळा फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी व्हायचा. 2017 पासून डिसेंबरमध्येही सह्या सुरू झाल्या आणि बहुतेक मुलं तेव्हाच मोकळी होऊ लागली. मी तेव्हा या भरतीची क्रमवारी देणाऱ्या एका क्रीडासाइटच्या डेटा टीममध्ये होतो. सकाळी पूर्व किनाऱ्यावर सह्या सुरू झाल्या की आमच्या टेबलमधले आकडे दिवसभर हलत राहायचे.

इथलं फुटबॉल म्हणजे हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल. व्यावसायिक एनएफएलमध्ये ड्राफ्ट असतो, संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. कॉलेजात तसं काही नाही. प्रशिक्षक मुलांच्या घरी जातात, आईवडिलांना भेटतात, स्कॉलरशिप देऊ करतात, आणि शेवटचा शब्द मुलाचा असतो. एका वर्षी घेतलेल्या मुलांच्या तुकडीला ‘क्लास’ म्हणतात. कुणाचा क्लास भारी, हे सांगणारी क्रमवारी हजारो चाहते निकालाच्या उत्सुकतेने बघतात.

त्या दिवशी दुपारी ट्रॅव्हिस हंटरने धक्का दिला. जॉर्जियातल्या कॉलिन्स हिल हायस्कूलचा हा मुलगा बचावात कॉर्नरबॅक आणि आक्रमणात रिसीव्हर, दोन्ही खेळायचा. बहुतेक याद्यांत देशात पहिला. 2020 पासून त्याने फ्लोरिडा स्टेटला शब्द दिलेला होता. ऐन सहीच्या वेळी त्याने जॅक्सन स्टेट निवडलं. मिसिसिपीतलं, मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं हे विद्यापीठ एफसीएस या खालच्या विभागात खेळतं. तिथे प्रशिक्षक होते डिऑन सँडर्स, जे स्वतः एके काळी फ्लोरिडा स्टेटचे खेळाडू. इतक्या वरच्या नंबरचा मुलगा अशा विद्यापीठात जाईल हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

काही मिनिटांत संपादकांचा फोन आला. “फ्लोरिडा स्टेटच्या क्लासचा स्कोअर एवढाच कसा घसरला? देशातला पहिला मुलगा गेलाय. टेबलमध्ये बग आहे.” त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पुण्यातली माझी सहकारी त्या आठवड्यात ऑनकॉल होती, म्हणजे काही बिघडलं तर तिने बघायचं. तिकडे रात्र झाली होती. तिने लॉग पाहिले, कॅशे रिकामी केली, आकडा तोच. मग म्हणाली, “अरे, मी वहीत मांडून बघितलं. कोड बरोबर आहे. तू त्यांना सूत्रच समजावून सांग.”

ते सूत्र साधं आहे, फक्त ते कसं वागतं ते पटकन डोक्यात येत नाही. प्रत्येक मुलाला रेटिंग असतं, आणि त्यावरून तारे, जास्तीत जास्त पाच. 247स्पोर्ट्स या भरतीची क्रमवारी देणाऱ्या साइटचं कंपोझिट रेटिंग मोठ्या संस्थांच्या मूल्यमापनांची सरासरी काढतं. पाच तारे मोजक्यांनाच मिळतात. 247स्पोर्ट्स स्वतःच्या यादीत साधारण 32 मुलांना पाच तारे देतं, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत 32 जागा असतात. क्लासचा स्कोअर काढताना या रेटिंगची थेट बेरीज करत नाहीत. तसं केलं तर जो जास्त मुलं घेईल तो जिंकेल. सरासरीही घेत नाहीत, कारण मग तीनच चांगली मुलं घेऊन थांबणारा वर जाईल. म्हणून 247स्पोर्ट्सने घंटेच्या आकाराच्या वक्राचं, गाउसियन सूत्र उघडपणे मांडलं, आणि आमचं सूत्रही त्याच जातीचं होतं. मुलं रेटिंगच्या क्रमाने लावायची. पहिल्याचे गुण पूर्ण धरायचे, पुढच्यांचं वजन हळूहळू उतरत जातं. वक्राची रुंदी 9 धरली तर दहाव्या मुलाचे सुमारे 61 टक्के गुण मोजले जातात, विसाव्याचे 11 टक्के आणि पंचविसाव्याचे जेमतेम 3 टक्के.

संपादकांसाठी मी फोनवरच कल्पित आकड्यांचं उदाहरण मांडलं. अठरा मुलांचा क्लास. पहिल्याचं रेटिंग 100, बाकी सतरा जणांचं 90. पहिला गेला की स्कोअरमधून 100 जातील, असं आपण गृहीत धरतो. पण रांगेतला पहिला निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात. आता पहिल्या जागी 90 वाला आहे आणि त्याचे गुण पूर्ण धरले जातात. म्हणजे वरच्या टोकाला तोटा फक्त 10 चा. उरलेला तोटा शेपटीकडे होतो, कारण रिकामी होते ती अठरावी जागा. तिचं वजन 17 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 15 गुण. एकूण घसरण 25, आणि क्लासचा मूळ स्कोअर हजाराच्या थोडा वर.

मग तोच मुलगा दुसरीकडे नेऊन बघितला. तिथे पाचच मुलं, प्रत्येकी 80. हा पहिला आला, सगळे एक जागा खाली सरकले, आणि सहावी जागा नव्याने भरली. तिचं वजन अजून 86 टक्के आहे. वाढ सुमारे 89 गुणांची. एकच मुलगा. एका यादीतून जाताना 25 नेतो, दुसऱ्या यादीत जाऊन 89 टाकतो. फोनवर काही क्षण कुणी बोललं नाही. मग संपादक म्हणाले, “हे वाचकांना कळायला हवं.”

मलाही ते मनापासून पटलं. चाहते स्कोअरकडे मुलाची किंमत म्हणून बघतात. एखाद्या गावातला तीन तारेवाला मुलगा पंचविसावा म्हणून सही करतो आणि टेबल जेमतेम हलतं, तेव्हा त्याच्या घरच्यांना वाटतं की आपला मुलगा मोजलाच नाही. तो मोजलेला असतो. सूत्र एवढंच सांगतं की मोठ्या यादीत शेवटच्या जागेने चित्र फारसं बदलत नाही. तो पुढे कसा खेळेल याबद्दल ते काहीच बोलत नाही. याच भरतीत, म्हणजे 2022 मध्ये कॉलेजात येणाऱ्या मुलांच्या यादीत, टेक्सास ए अँड एमचा क्लास पहिला ठरला आणि संघ त्या मोसमात 5 सामने जिंकून 7 हरला. तरीही मी क्रमवारी खोटी म्हणणार नाही. बहुतेक विजेते संघ चार-पाच तारेवाल्या मुलांनी भरलेले असतात, हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. मात्र क्लासचा स्कोअर ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तोच प्रश्न त्याला विचारायला हवा.

संध्याकाळी मी प्रत्येक क्लाससाठी एक जादा कॉलम तयार केला: हा मुलगा गेला तर स्कोअर किती घसरेल. आधी तो फक्त आतल्या वापरासाठी होता. नंतर ट्रान्स्फर पोर्टलची, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीची, गर्दी वाढली, खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू लागले, आणि संपादक तोच कॉलम सर्वात आधी उघडू लागले. 2022 च्या मोसमानंतर सँडर्स कोलोरॅडोला गेले आणि हंटरही त्यांच्या मागोमाग गेला. या वेळी तो शाळकरी मुलांच्या यादीत नव्हता, ट्रान्स्फरच्या यादीत होता. त्याचं मैदानावरचं एक वर्ष आता सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि त्यावरून त्याचं रेटिंग नव्याने ठरवायचं होतं.