कापसाखालची जखम

जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत रामटेक तालुक्यातील एका मत्स्यशेतकऱ्याने फोनवर छायाचित्र पाठवले आणि पाठोपाठ फोनही केला, "सर, मासोळ्यांवर कापूस फुटला जी." रोहूच्या पाठीवर पांढरे पुंजके स्पष्ट दिसत होते. पाणी गार झाले की गोड्या पाण्यातील माशांवर सॅप्रोलेग्निया वाढते (काटेकोर वर्गीकरणात ती खरी बुरशी नव्हे, पण बोलताना आम्हीही बुरशीच म्हणतो), हे पाठ असल्यामुळे मी नागपुरातील प्रयोगशाळेतून न हलता, एकरभर तळ्याला लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने १२ किलो पोटॅशियम परमँगनेट सांगून मोकळा झालो.

पाच दिवसांनी मरतूक दुपटीवर गेली, तेव्हा मात्र सूक्ष्मदर्शक आणि बर्फाची पेटी घेऊन निघालो.

काठावरच कापसाचा एक तंतू काचेवर घेतला. आडवे पडदे नसलेले जाड धागे आणि टोकाला गदेसारखी फुगलेली बीजाणुधानी (बीजाणूंची पिशवी) दिसली, ही सॅप्रोलेग्नियाचीच खूण. म्हणजे माझे निदान चुकले नव्हते, अपुरे होते. तो पुंजका पुसल्यावर खाली खवले गळालेली लालभडक जखम निघाली. नुकत्याच मेलेल्या माशाचे पोट फुगलेले होते, ते उघडताच तांबूस पाणी वाहिले आणि मूत्रपिंड बोटाखाली लगद्यासारखे फुटले. एवढी आतली नासाडी सॅप्रोलेग्निया सहसा करीत नाही. भारतात १९८८ साली शिरलेल्या, माशांना व्रण पाडणाऱ्या अल्सर रोगाची शंका मनात होती, कारण तोही थंडीतच उसळतो. परंतु तो रोग करणाऱ्या ॲफॅनोमायसिस या बुरशीसारख्या जीवाचे तंतू स्नायूंत खोल घुसतात आणि इथे स्नायूंच्या दाबलेल्या तुकड्यांत एकही तंतू सापडला नाही. मूत्रपिंडातून घेतलेल्या नमुन्याच्या पुढील चाचण्यांत एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू निघाला.

हा जिवाणू पाण्यात एरवीही असतो. त्याला वाट कोणी करून दिली, ते बांधावरच्या बोलण्यातून उलगडले. पंधरा दिवसांपूर्वी विरळणीसाठी, म्हणजे तळ्यातील माशांची दाटी कमी करण्यासाठी, खरखरीत जाळे दोनदा ओढले होते आणि त्याच आठवड्यात दोन ट्रॉल्या शेणखत टाकले होते. पहाटे मोजलेला प्राणवायू लिटरमागे जेमतेम २.६ मिलिग्रॅम भरला. "औषधाचा गुलाबी रंग तर पंधरा मिनिटांतच गेला होता," ते सहज म्हणाले आणि मी ओशाळलो. सेंद्रिय पदार्थांनी भरलेले पाणी परमँगनेट गिळून टाकते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. फोनवर मात्र पाण्याचा रंगसुद्धा विचारला नव्हता.

शेणखत बंद केले, मेलेले मासे काढून चुन्यासह पुरले आणि विहिरीचे पाणी फवाऱ्याने पाडत तळ्यात सोडले. प्रतिजैविकाचा आग्रह झाला, पण आजारी मासा खाद्याला तोंडच लावत नाही, त्यामुळे खाद्यातले औषध नेमके ज्याला हवे त्याच्या पोटात जात नाही. कोणते प्रतिजैविक या जिवाणूवर चालेल हे सांगणाऱ्या संवेदनशीलता चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबलो आणि तोवर मरतूक ओसरू लागल्याने ते द्यावेच लागले नाही. दहाव्या दिवशी एकही मेलेला मासा तरंगताना दिसला नाही.

पुढे उन्हाळ्यात विक्री झाली तेव्हा चट्टे राहिलेले रोहू व्यापाऱ्याने वेगळे काढून कमी भावाने तोलले. शेतकरीदादा त्यावर मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या १२ किलोंच्या पैशांचा विषयही त्यांनी कधी काढला नाही.