तुम्ही विचारलंत म्हणून: चाळीत अजून वाचनालय कशाला?

"सगळं मोबाईलवर मिळतं, मग लालबागला त्या एका खोलीत रोज संध्याकाळी लायब्ररी कशाला उघडून बसता?" असं नातेवाईक विचारतात, ऑफिसातले पण विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

कादंबऱ्या वाचायच्या तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच की, १८९८ पासूनचं. पण आमच्या गिरणगावातलं जे कधी छापलंच गेलं नाही ते कुठे मिळणार? १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, नंतर कित्येक घरं गावी परतली, आणि जाताना माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या केल्या त्यात काय काय रद्दीत गेलं देवालाच ठाऊक. भजनी मंडळांच्या वह्या, कामगारांनी पाळी सांभाळून बसवलेल्या नाटकांची हँडबिलं, शाहिरी कलापथकांच्या कार्यक्रमांचे फोटो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच भागात गाजलं, संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांना उठवलं ते याच शाहिरांनी, आणि त्यांचे कार्यक्रम मैदानात बसून ऐकलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत!

म्हणून आम्ही पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक कपाट फक्त याच्यासाठी ठेवलंय. त्यातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे नमनाची, म्हणजे कोकणातल्या नमन-खेळ्यांची एक वही, गिरणीतून आणलेल्या चिंधीत शिवलेली, पानांच्या कोपऱ्यांना तेलाचे काळे डाग, म्हणजे पाळी सुटल्यावर हात पुसून न पुसून लिहिलेली, आणि मधेच मार्जिनमध्ये खानावळीचा हिशोब. ही वही हातात घेतली की मला पुढे काही समजवावं लागत नाही.

शब्दांचंही तसंच. साचा (माग), बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला), जॉबर (मुकादम), साचेखातं (माग चालायचे ते खातं) हे गिरणीतले शब्द आम्ही एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवतोय, सांगणाऱ्याच्या बोलीत, शुद्ध न करता. गेल्या शनिवारी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, भोंगा म्हणजे लाऊडस्पीकर ना? बाजूला पेपर वाचत बसलेले काका चष्मा काढून म्हणाले, "अगं, गिरणीचा भोंगा वाजला की अख्खी चाळ उठायची, आमच्याकडे कुठे घड्याळ होतं!" मग पाऊण तास बोलले. तिने सगळं रजिस्टरमध्ये उतरवून घेतलं, आणि येत्या शनिवारी बदली कामगार भल्या पहाटे गिरणीच्या गेटवर का उभे राहायचे ते काका सांगणार आहेत.