मिनर्व्ह: दोन नद्या, तरी पाण्याची टंचाई

दक्षिण फ्रान्सच्या एरो जिल्ह्यातलं मिनर्व्ह गाव नार्बोनहून गाडीने साधारण पाऊण तासावर आहे. पॅरिसहून नार्बोनला थेट टीजीव्ही (अतिवेगवान रेल्वे) मिळते, पुढे भाड्याची गाडीच बरी. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर हमखास गिअरची हातात पडते. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असू द्या. पाणी आणि खाऊ वाटेत ओलोन्झाकलाच घ्या. मंगळवारी तिथे बाजार असतो, मात्र तेव्हा गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतं.

पाहुण्यांच्या गाड्या मिनर्व्हमध्ये नेता येत नाहीत. वरच्या वाहनतळावर पैसे भरून गाडी लावायची आणि चालत उतरायचं. नकाशाचं ॲप पुलावरून थेट गावात शिरायला सांगेल, ते ऐकू नका.

पहिल्यांदा नदीचं पात्र बघावं, वाइन नंतर. सेस आणि ब्रियां या नद्यांनी चुनखडीचा खडक कापलाय आणि त्यांच्या बेचक्यात गाव उभं आहे. उन्हाळ्यात सेसचं पाणी चुनखडीत मुरतं आणि पात्र कोरडं पडतं. मग तिनेच पोखरलेल्या नैसर्गिक बोगद्यातून चालत जाता येतं. मोठा बोगदा २२८ मीटरचा. मध्यावर अंधार, पायाखाली गोल, सटकणारे गोटे. सँडल घातली की घोटा मुरगळलाच म्हणून समजा. बूट आणि टॉर्च हवेतच. सकाळी लवकर उतरा, कारण परतीची चढण दुपारच्या उन्हात जीव काढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर डोंगरात वळीव कोसळला, तर इथे आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येतो. हवामानखात्याचा नारिंगी इशारा असेल तर पात्रात पाऊल टाकू नये.

१२१० मध्ये कॅथारांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनानी सिमों द मोंफोरने गावाला वेढा घातला (कॅथार म्हणजे कॅथलिक चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ), तेव्हा घात झाला तो पाण्याचाच. विहिरीकडे जाणारी वाट त्याच्या दगडफेक्या यंत्राने उद्ध्वस्त केली. जुलैत गाव शरण आलं आणि धर्म सोडायला नकार देणाऱ्या सुमारे १४० कॅथारांना जिवंत जाळलं. किल्ल्याचा आज बुरुजाचा एक सुळका तेवढा उरलाय.

आता वाइन. मिनर्व्ह्वाला, म्हणजे इथल्या परिसरातल्या वाइनला, १९८५ पासून एओसी (उगमस्थान आणि दर्जाची सरकारी मोहोर) आहे. लाल वाइनमध्ये सिरा, ग्रेनाश, मूर्वेद्र, कारिन्यां या जातींची द्राक्षं. नाशिकच्या तारांवरच्या बागा डोळ्यांत असतील तर इथल्या जुन्या, कमरेइतक्याही न वाढलेल्या झुडपी वेली बघून आश्चर्य वाटेल. शिवाय छाटणी हिवाळ्यात एकदाच, तोडणी साधारण सप्टेंबरात. त्या दिवसांत मळेवाल्यांना बोलायलाही फुरसत नसते. एरवीही आधी फोन करा. दुपारी बारा ते दोन बहुतेक दारं बंद.

शेजारच्या सें-जां-द-मिनर्व्ह्वा गावाची मस्कत, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षांची गोड वाइन, चुकवू नका. आंबवण्याची क्रिया मध्येच स्पिरिट घालून थांबवतात, म्हणून द्राक्षाची साखर टिकते आणि अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत जातं. ती थंडच प्यावी, आणि लाल वाइन चाखून झाल्यावर. आधी मस्कत घेतलीत तर पुढची लाल आंबट, तुरट लागते.

गाडी चालवणाऱ्याने घोट चाखून थुंकावा. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, कुणी वाईट मानत नाही. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत मधोमध ठेवा.