मधली दांडी

सीताबर्डीच्या आमच्या दुकानात कॅमेऱ्याचे साहित्य विकण्याचे काम मी १९ वर्षे करीत आहे. बॅगा आणि ट्रायपॉड हा माझ्या जिव्हाळ्याचा विभाग असून, माझ्याकडून नेलेली वस्तू प्रवासात दगा देणार नाही, असा माझा विश्वास होता. मागच्या डिसेंबरमध्ये घडलेल्या एका प्रसंगाने तो तपासून पाहायला लावला.

सकाळी दुकान नुकतेच उघडले होते. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी काउंटरवर लोणारची ११ छायाचित्रे ओळीने मांडली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी माझ्याकडून कार्बन फायबरचा, एकात एक सरकणाऱ्या पाच भागांच्या पायांचा, सव्वा किलो वजनाचा ट्रायपॉड नेला होता. निवृत्तीनंतर महाराष्ट्राची भूरूपे स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपायची, हा त्यांचा संकल्प मला ठाऊक होता. त्यासाठी समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत आणि तिथून लोणारला जाऊन, दोन रात्री मुक्काम करून त्या आल्या होत्या. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर सूर्योदयापूर्वीच्या निळसर उजेडात यावे, म्हणून त्या दोन्ही दिवस पहाटे काठावर उभ्या होत्या. छायाचित्रांची चौकट सुंदर जमली होती, परंतु प्रत्येक झाडाला दुहेरी कड आली होती. अकराही छायाचित्रे हललेली होती.

"भाऊ, मी तक्रार करायला आले नाही," त्या म्हणाल्या. "कारण सांगा. पुन्हा जायचं आहे मला."

माझ्या मनात पहिली शंका त्यांच्या हाताविषयी आली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. बटण दाबताना कॅमेरा हलला असावा, असे मला वाटले. परंतु त्यांनी दर वेळी दोन सेकंदांचा टायमर लावला होता आणि त्यांचा कॅमेरा मिररलेस असल्यामुळे आरसा उचलला जाण्याच्या धक्क्याचाही प्रश्न नव्हता. छायाचित्रे अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या उघडझापेची, म्हणजे तेवढा वेळ प्रकाश आत घेऊन काढलेली, होती. ट्रायपॉडच्या खोक्यावर आठ किलो भार पेलण्याची क्षमता छापलेली होती, तर त्यांचा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोही भरत नव्हते. मी कागदावर हिशेब मांडत राहिलो, पण उत्तर सापडेना. शेवटी मी त्यांना म्हणालो, "मॅडम, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आपण पहाटे खिंडसीला जाऊ. तुम्ही लोणारला केलं तसंच सगळं तिथे करा. मी फक्त पाहतो."

रामटेकजवळचा खिंडसी तलाव नागपूरहून साधारण ५० किलोमीटरवर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार होता आणि पाण्यावरून बोचरा वारा येत होता. बाईंचे यजमानही सोबत आले होते. बाईंनी बॅग खाली ठेवली, ट्रायपॉडचे तिन्ही पाय शेवटच्या भागापर्यंत सोडले, त्यानंतर मधली दांडी, म्हणजे सेंटर कॉलम, पूर्ण वर खेचून घट्ट केली आणि तिच्या टोकावर कॅमेरा बसवला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पलीकडच्या काठावरचा एक दिवा दहापट मोठा करून पाहिला. तो स्थिर असायला हवा होता. प्रत्यक्षात वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी तो पडद्यावर थरथरत होता आणि झुळूक ओसरल्यावरही काही क्षण थांबत नव्हता.

मी दांडी खाली केली. थरथर एकदम कमी झाली. तीन पायांच्या त्रिकोणामुळे मिळणारा सगळा ताठपणा, वर खेचलेल्या एकट्या दांडीच्या टोकावर कॅमेरा ठेवला की वाया जातो. तो तीन पायांवर उभा असला तरी खरे तर एकाच काठीवर डोलत असतो. मी विचारले, "मॅडम, ही दांडी वर का घेतली?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "तुम्हीच तसं दाखवलं होतं ना, भाऊ? दुकानात तुम्ही आधी हीच वर केली होती."

त्या वाक्यानंतर काही वेळ मला बोलता आले नाही. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दुकानात गर्दी असते, काउंटरसमोरची जागा अरुंद असते आणि बारा कुलपे सोडून पाय उघडायला वेळ लागतो. म्हणून उंची दाखवायची झाली की मी पाय मिटलेलेच ठेवून मधली दांडी सर्रकन वर खेचत असे. ती माझी दाखवण्याची सोय होती. ज्या बाईंनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना नकाशा कसा वाचायचा ते शिकवले, त्यांनी माझी ती हालचाल वापरण्याची रीत म्हणून जशीच्या तशी उचलली होती. १९ वर्षांत किती जणांनी ती तशीच उचलली असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

मग आम्ही उजाडेपर्यंत एकेक गोष्ट बदलून पाहिली. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडत होता. तो काढल्यावर दिवा आणखी शांत झाला. वजन मिळावे म्हणून दांडीखालच्या आकड्याला बॅग टांगली, तर ती लंबकासारखी झुलू लागली आणि थरथर उलट वाढली. बॅगेचा तळ जमिनीला टेकेल इतका पट्टा सैल केल्यावरच तिचा उपयोग झाला. लेन्समधील कंपनरोधक बंद केल्याने फारसा फरक दिसला नाही. काठावरच्या ओल्या काळ्या मातीत मात्र पाय हळूहळू रुतत होते, त्यामुळे आम्ही मागे सरकून खडकाळ जागा घेतली.

सर्वांत मोठा फरक पाचव्या भागाने पडला. मी व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजण्याचे साधन, सोबत नेला होता. पायाची वरची नळी २५ मिलिमीटर जाडीची होती आणि सर्वांत खालची १३ मिलिमीटरची. नळीची भिंत तेवढीच ठेवून व्यास निम्मा केला, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध निम्मा होत नाही, तो जवळजवळ एक अष्टमांशावर येतो. खोक्यावरचा आठ किलोचा आकडा ट्रायपॉड मोडणार किंवा घसरणार नाही एवढेच सांगतो. वाऱ्यात तो किती हलेल, याविषयी त्यात अवाक्षर नसते. त्यात बाईंच्या ट्रायपॉडचे सर्वांत खालचे कुलूप नीट आवळतही नव्हते. ते उघडल्यावर आत पांढरट कोरडा थर आणि वाळूचे कण निघाले. लोणारला त्या विवरात उतरून पाण्याच्या कडेलाही गेल्या होत्या आणि तिथल्या खारट, अल्कधर्मी चिखलात पाय रोवून आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवायचा असतो, हे मी त्यांना सांगितलेले नव्हते.

पाचवा भाग मिटला आणि दांडी खाली केली, तर कॅमेऱ्याची उंची जेमतेम १०५ सेंटिमीटर राहत होती. मी दुसरा, जाड पायांचा, पावणेदोन किलोचा ट्रायपॉड गाडीतून काढायला निघालो, तेव्हा बाईंचे यजमान म्हणाले, "पण हिच्या कॅमेऱ्याचा पडदा तर वर वळतो." खरेच, पडदा वर वळवल्यावर बाई ताठ उभ्या राहून त्यात सहज पाहू शकत होत्या. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर आणण्याची गरज मी गृहीत धरली होती, त्या बाईंना ती नव्हतीच. एक सेकंदाच्या उघडझापेने त्यांनी पलीकडच्या काठाची १० छायाचित्रे काढली आणि दहाही स्पष्ट आली. नवा ट्रायपॉड विकण्याचे कारण उरले नाही.

बॅग मात्र बदलावीच लागली. दिवसभर खांदे दुखतात असे त्यांनी सांगितले होते. खिंडसीला ती बॅग त्यांच्या पाठीवर पाहिल्यावर लक्षात आले, की कमरपट्टा कमरेच्या हाडांवर न बसता पार खाली मांड्यांपाशी येत होता. बॅगेची पाठ त्यांच्या पाच फूट एक इंच उंचीसाठी फार लांब होती, त्यामुळे सारा भार खांद्यांवर पडत होता. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, तेव्हा मी शेजारच्या किराणा दुकानातून दोन-दोन किलो तांदळाच्या तीन थैल्या आणून बॅगांत भरल्या, कारण रिकामी बॅग पाठीवर लावून पाहण्याला काही अर्थ नाही. बाईंनी तीन बॅगा पाठीवर घेऊन इमारतीचा जिना दोन-दोन वेळा चढून-उतरून पाहिला. त्यांनी लहान पाठीची आणि पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग निवडली. अशी बॅग जमिनीवर ठेवताना बाहेरची बाजू चिखलात जाते आणि पाठीला लागणारे पट्टे कोरडे राहतात. लोणारसारख्या ठिकाणी हा मोठा लाभ आहे. जूनमध्ये स्पितीला विमानाने निघणार असल्याचे त्यांनी सांगितले, म्हणून जादा बॅटऱ्या सामानात न टाकता सोबतच्या बॅगेत ठेवाव्या लागतात आणि थंडीत त्या लवकर उतरत असल्याने आतल्या खिशात ठेवाव्यात, एवढे मी आठवणीने सांगितले.

त्या गेल्यावर एक तरुण ट्रायपॉड पाहायला आला. आमच्याकडच्या मुलाने कपाटातून एक काढला, काउंटरवर उभा धरला आणि त्याचा हात सवयीने मधल्या दांडीकडे गेला. मी त्याचा हात धरला, काउंटरसमोरची दोन स्टुले बाजूला केली आणि त्याला म्हणालो, "आधी पाय उघड."