बंद करू नये

दुपारी जरा डोळा लागला होता आणि एकदम जाग आली. कशाने ते दोन मिनिटं कळेना. कुणी हाक मारली नव्हती, फोन वाजला नव्हता, दाराची बेलही नाही. मग लक्षात आलं, टेबलाखालची घरघर थांबलीय. सर्व्हर बंद.

सर्व्हर म्हणजे घरातल्या बाकी फोनांच्या कामाला चोवीस तास चालू ठेवलेलं मशीन, पण फार काही डोळ्यांसमोर आणू नका. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, स्क्रीनला आडवी चीर, एमची कळ उडालेली, डेबियन ही लिनक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून टेबलाखाली सरकवलेला आणि बाजूला दोन यूएसबी डिस्क. जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करण्यात मोठा फायदा म्हणजे बॅटरी, फुकटचा यूपीएसच की तो, हे मी चार लोकांना ऐकवून झालंय. आमची बॅटरी गेल्या वर्षी फुगली, टचपॅड वर उचललं जायला लागलं तेव्हा घाबरून काढून टाकली, नवीन घालू घालू म्हणता राहिलीच. त्यामुळे आता प्लग गेला की प्राण गेला.

बाहेर येऊन बघतो तर आई इस्त्री करतेय. त्याच प्लगवर.

'अगं आई, इथलं काही काढलंस का?'

'हो, ते लुकलुकत होतं ना. म्हटलं तू झोपलायस तर कशाला उगाच वीज जाळायची. आणि काय रे, नेट गेलंय का? माझा व्हिडिओ लागत नाहीये.'

नेट गेलं नव्हतं. जाहिराती अडवायला त्या लॅपटॉपवर पाय-होल नावाचं सॉफ्टवेअर लावलंय, घरातलं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं, तेच, ते मेलं की एकाही फोनला कुठलाच पत्ता सापडत नाही. हे आईला तीनदा समजावलंय, चौथ्यांदा जीवावर आलं. विजेचं मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, हे १० वॉट खातं, वर्षभर अखंड चाललं तरी ८८ युनिटच्या आत, तुझी इस्त्री १००० वॉटची, तू एका तासात जाळतेस तेवढ्यात हे चार दिवस चालतं.

'पण इस्त्रीने कपडे तरी नीट होतात,' आई म्हणाली.

यावर काय बोलणार.

माझं दुःख खरं वेगळंच होतं. अपटाइम, म्हणजे बंद न पडता सलग चालल्याचा काळ, २११ दिवस झाला होता. सकाळी दात घासता घासता फोनवरून एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरून अपटाइम बघायचा ही माझी जुनी खोड आहे, काही करायचं नसतं, आकडा कालच्यापेक्षा एकाने वाढलाय एवढं बघितलं की चूळ भरायला मोकळा. आता त्यात खरं तर अभिमानासारखं काही नाही, २११ दिवस रीबूट नाही म्हणजे कर्नलचे, सिस्टीमच्या गाभ्याचे, तेवढ्या दिवसांचे सिक्युरिटी अपडेट नुसते येऊन पडलेत आणि आपण जुन्याच कर्नलवर छाती फुगवून बसलोय, कुणी कळत्या माणसाने बघितलं तर कानफटात देईल. पण आकडा तो आकडा. जुन्या लिनक्सवर हा आकडा ४९७ दिवस झाले की परत शून्यावर यायचा, कारण कर्नल सेकंदाला १०० टिकटिक मोजायचं आणि ३२ बिटांच्या खात्यात त्याहून जास्त मावायचं नाही. विंडोज ९५ आणि ९८ मिलिसेकंद मोजायचे, त्यांचं खातं ४९.७ दिवसांतच भरायचं आणि मशीन गोठायचं. घरात ते एवढं अखंड कुणी चालवलं असेल असं मला वाटत नाही.

टिकटिक म्हटलं की मला आजोबांचं घड्याळच आठवतं. भिंतीवरचं, लंबकाचं, तबकडीवर किल्लीची दोन भोकं, एक वेळेचं आणि एक ठोक्यांचं. दर रविवारी सकाळी आजोबा स्टुलावर चढायचे आणि मी खाली स्टूल धरून उभा राहायचो, स्टूल मुळीच हलत नसे पण धरायचं. ते तोंडाने फेरे मोजायचे, अकरा, बारा, तेरावा अर्ध्यावर अडला की म्हणायचे, 'बास, आता ती नको म्हणतेय.' ती म्हणजे स्प्रिंग. मग खाली उतरून डोळे मिटून ऐकत बसायचे. टिक आणि टॉकमध्ये अंतर सारखं हवं, घड्याळ केसभर तिरकं झालं तरी लंगडतं. 'लंगडतंय का रे?' असं मला विचारायचे. मला जन्मात कधी ते लंगडणं ऐकू आलं नाही, मी आपला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हो नाहीतर नाही म्हणायचो.

किल्लीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा ते पंधरा दिवस बाहेरगावी गेले, किल्ली खिशातच राहिली आणि आठ दिवसांची चावी संपल्यावर एका रात्री घड्याळ थांबलं. आजी झोपेतून उठून बसली, 'कोण आहे?' म्हणाली. कुणी नव्हतं. नंतर पुढचा आठवडाभर आम्ही सगळे येता-जाता मान वर करून बघायचो आणि दर वेळी दोन चाळीसच वाजलेले असायचे. परत आल्यावर आजोबांनी पिशवीही खाली ठेवली नाही, कधी थांबलं ते आधी विचारलं.

असो. तर सर्व्हर चालू केला. लॉगमधली, म्हणजे त्याच्या नोंदवहीतली, शेवटची ओळ दोन वाजून सतरा मिनिटांची, कुणाची तरी बारीकशी चौकशी, पुढे काही नाही. एका डिस्कने जरा कुरकुर केली, तीही बिचारी ४१,००० तास फिरलीय, मिनिटाला ५४०० गिरक्या घेत. पण मुळात तिथवर पोचायला पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, टाकावी लागते कारण सगळं एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवलंय, आणि पासफ्रेजमध्ये एम दोनदा येतो. कळ नसल्यामुळे पेनाच्या टोपणाने आतलं रबर दाबायचं, हलक्या हाताने, जोरात दाबलं की दोनदा उमटतं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. आईचा व्हिडिओही लागला.

मग मी कागद घेतला. १९९० साली सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी जगातला पहिला वेब सर्व्हर नेक्स्ट कंपनीच्या एका कॉम्प्युटरवर चालवला, तेव्हा त्या डब्यावर लाल शाईने हाताने लिहून चिठ्ठी चिकटवली होती, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे तिथेही कुणीतरी प्लग काढायच्या बेतात असणारच. मीही जाड पेनाने लिहिलं, 'सर्व्हर आहे. बंद करू नये.' चिकटवलं आणि आईला बोलावून दाखवलं.

तिने चष्मा वर करून वाचलं. 'बंद करू नये ते ठीक. पण पडलंच बंद आणि तू नसलास तर चालू कसं करायचं?'

'नसलास म्हणजे?'

'नसलास म्हणजे बाहेर असलास, कामात असलास. म्हणजे काय म्हणजे?' असं म्हणून ती शर्टाची घडी घालायला गेली.

घरातले सगळे फोटो त्या डिस्कवर आहेत, आजोबांचे स्कॅन केलेलेसुद्धा. दुसऱ्यांच्या क्लाउडवर नकोत म्हणून मीच सगळीकडून उतरवून घेतले होते आणि तेव्हा फार भारी वाटलं होतं. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, बॅकअपचा हा नियम तंतोतंत पाळलाय. तिन्ही प्रतींना पासफ्रेज एकच आहे आणि ती माझ्या डोक्यात आहे.

तो कागद काढून दुसरा घेतला. १. प्लग लावणे. २. डावीकडचं गोल बटण दोन सेकंद दाबणे. ३.

तीनच्या पुढे अजून काही लिहिलेलं नाही. कागद लॅपटॉपखाली सरकवून ठेवलाय, पंख्याच्या वाऱ्याने कोपरा फडफडतो त्याचा. अपटाइम आज सहा दिवस.