राहण्यासाठी पाहिलेली पाच विद्यापीठ-नगरे

अमेरिकेच्या मिडवेस्टमधील विद्यापीठांच्या गावांविषयी आपल्या लोकांत जी माहिती फिरते, ती बहुतेक दोन प्रकारच्या माणसांकडून आलेली असते : दोन वर्षांत एम.एस. करून निघून गेलेले विद्यार्थी, आणि मे महिन्यात पदवीदानाला येऊन हिरवळीवर छायाचित्रे काढून परतलेले आईवडील. पहिल्यांनी प्रयोगशाळा आणि चौघांत वाटून घेतलेले घर एवढेच पाहिलेले असते. दुसऱ्यांनी हिवाळा पाहिलेला नसतो. त्यांच्या जोडीला ‘राहण्यासाठी सर्वोत्तम शहरे’ अशा याद्या असतात, आणि त्यांत अ‍ॅन आर्बर व मॅडिसन ही नावे वारंवार वरच्या जागी दिसतात. पत्नी अध्यापनाच्या नोकरीसाठी मुलाखती देत होती, माझे काम घरून चालणारे आहे आणि शिकागोच्या उपनगरातील घर सोडायचे आमचे ठरले होते. म्हणून ऑक्टोबर ते मार्च या काळात अ‍ॅन आर्बर, मॅडिसन, आयोवा सिटी, इंडियानातील ब्लूमिंग्टन आणि शॅम्पेन-अर्बाना ही गावे आम्ही पर्यटक म्हणून नव्हे, तर भाडेकरू आणि संभाव्य घरमालक म्हणून पाहिली. नावलौकिकाने जो क्रम मनात बसला होता, तो प्रत्यक्षात जवळपास उलटा निघाला.

पुढील मजकूर वाचताना काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट, खरोखर थंडी अडवणारे जॅकेट आणि पाठीवर सामान घेऊन दोन-तीन मैल चालण्याची तयारी वाचकाकडे असावी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी विमानतळावरून भाड्याची मोटार घ्यावी. मात्र मोटारीतून पाहिलेले गाव सगळीकडे सारखेच चांगले दिसते, हे ध्यानात ठेवावे.

अ‍ॅन आर्बरविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत मोठा भ्रमनिरास तिथे झाला. शिकागोहून जाणारी ‘वुल्व्हरिन’ ही देशाच्या प्रवासी रेल्वे कंपनीची, म्हणजे अ‍ॅमट्रॅकची गाडी चांगली आहे. पोर्टर ते कॅलामाझू हा लोहमार्ग अ‍ॅमट्रॅकच्या स्वतःच्या मालकीचा असल्याने तिथे ती ताशी 110 मैलांपर्यंत धावते. खोळंबा होतो तो शिकागोच्या वेशीवर, मालगाड्यांच्या गर्दीत. त्यामुळे वेळापत्रकातील साडेचार तासांवर किमान तासाभराची भर धरावी, आणि मिशिगनमधील घड्याळ एक तास पुढे असते हेही विसरू नये. गाडीतून उतरेपर्यंत सर्व ठीक होते. पुढचा सगळा शनिवार-रविवार मात्र अमेरिकन फुटबॉलचा होता.

मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता 1,07,601 आहे आणि 2020 च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे 1 लाख 24 हजार. म्हणजे सामन्याच्या दिवशी जवळजवळ दुसरे एक अ‍ॅन आर्बर या गावात येऊन बसते. त्याचा परिणाम असा की महामार्गालगतच्या एका हॉटेलात, जिथे एरवी 120 डॉलरांच्या आसपास खोली मिळते, तिथे आमच्याकडून एका रात्रीचे 480 डॉलर घेण्यात आले. शिवाय एकच रात्र राहता येणार नाही, दोन रात्रींचे पैसे भरावेच लागतील, अशी अट होती. ती आरक्षणाच्या वेळी बारीक अक्षरांत होती आणि खिडकीवर मोठ्या आवाजात सांगितली गेली. त्यावर ‘कार्यक्रम-शुल्क’ म्हणून आणखी एक रक्कम होती. कोणता कार्यक्रम, असे विचारता तिथल्या मुलीने शांतपणे स्टेडियमच्या दिशेने बोट दाखवले. न्याहारी मात्र तीच, कागदी ताटलीतली, आणि साडेआठला संपलेली.

हा एकदाच बसलेला भुर्दंड असता तर मी त्यावर इतके लिहिले नसते. परंतु एका हंगामात घरच्या मैदानावर साधारण सात सामने होतात, आणि त्या प्रत्येक शनिवारी गावातील सामान्य व्यवहार थांबतात. स्टेडियमसमोरचे गोल्फचे मैदान वाहनतळ बनते, शेजारच्या हायस्कुलाचे पटांगण वाहनतळ बनते, लोक आपल्या अंगणातील गवतावर मोटारी उभ्या करू देऊन पैसे घेतात. आम्ही ज्या घराची पाहणी करायला निघालो होतो ते स्टेडियमपासून मैलाभराच्या आत होते. तिथे पोहोचायला बसने जेवढा वेळ घेतला असता त्याहून कमी वेळात आम्ही चालत गेलो, आणि घर दाखवणाऱ्या बाईच अडकून पडल्याने पाऊण तास थंडीत फाटकाशी उभे राहिलो. ज्यांना फुटबॉलचे प्रेम आहे त्यांना हा सोहळा वाटेल. आम्हाला नाही, आणि आमच्यासारख्यांची संख्या मराठी घरांत बरीच असावी.

घराच्या किमतीपेक्षाही घराच्या कराने अधिक चकवले. मिशिगनमध्ये 1994 च्या ‘प्रपोझल ए’ या करसुधारणेपासून असा नियम आहे की घर एकाच मालकाकडे असेपर्यंत त्याचे करपात्र मूल्य दर वर्षी महागाईच्या दराने किंवा 5 टक्क्यांनी, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाढू शकते, घर विकले गेले की पुढच्या वर्षी ही मर्यादा उठते आणि कर चालू बाजारभावाच्या आधारे नव्याने बसतो. जाहिरातीत दिसणारा कर हा वीस वर्षे तिथे राहिलेल्या मालकाचा असतो. त्या आकड्यावर मासिक हप्त्याचे गणित मांडणारा माणूस दुसऱ्या वर्षी अडचणीत येतो. म्हणून कोणतेही घर पाहण्यापूर्वी ‘मर्यादा उठल्यावर कर किती’ हे शहराच्या कर-निर्धारण कार्यालयाकडून काढून घ्यावे. विक्रेत्याचा मध्यस्थ ते आपणहून सांगत नाही. माझा निकाल असा : विद्यापीठ जगात नावाजलेले आहे, वाहत्या नदीकाठचे उद्यान सुंदर आहे, जेवणाची चंगळ आहे, आणि एवढे सर्व असूनही जो पैसा मोजावा लागतो तो या गावाच्या योग्यतेचा नाही. पगार मोठा असेल आणि दोघांपैकी एकाची नोकरी तिथल्याच रुग्णालयात असेल, तरच जावे.

मॅडिसनची कीर्ती खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. मेंडोटा आणि मोनोना या दोन तलावांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर विस्कॉन्सिन राज्याची विधानसभा उभी आहे आणि तिथून स्टेट स्ट्रीटने सरळ चालत गेले की विद्यापीठ येते. पण ज्या पट्टीमुळे गाव देखणे झाले, तिच्यामुळेच पूर्व-पश्चिम सगळी वाहतूक काही मोजक्या रस्त्यांत कोंबली जाते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या जलद बससेवेने त्यात सुधारणा केली आहे. घर पाहताना त्या मार्गापासून चालत दहा मिनिटांच्या आतच पाहावे. शिकागोहून रेल्वे नाही. ती होऊ शकली असती. मिलवॉकी-मॅडिसन मार्गासाठी केंद्राने 81 कोटी डॉलर मंजूर केले होते, परंतु 2010 मध्ये गव्हर्नरपदी निवडून आलेले स्कॉट वॉकर यांनी ते नाकारले. त्याचे फळ म्हणून आजही शिकागोच्या ओहेअर विमानतळाहून बसने सुमारे तीन तास बसून जावे लागते, आणि आमच्या वेळी बर्फामुळे त्याचे पाच झाले.

मॅडिसनमध्ये भाड्याच्या घरांची एक विचित्र रीत आहे. विद्यापीठाजवळच्या बहुतेक घरांचे करार 14 ऑगस्टला संपतात आणि नवे 15 ऑगस्टला सुरू होतात. मधल्या एका रात्री हजारो लोकांना सामानासह छप्पर नसते, आणि पदपथांवर सोफे, गाद्या व टेबलांचे ढीग लागतात. विद्यार्थी याची मौज करतात. मूल बरोबर असलेल्या कुटुंबाने मध्यवर्ती भागाचा विचारच करू नये आणि पश्चिमेकडे शोधावे. तिथे मात्र स्पर्धा आहे, कारण जवळच्या व्हेरोना गावात ‘एपिक’ या रुग्णालयांसाठी संगणक-प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे प्रचंड आवार आहे आणि तिचे तरुण कर्मचारी चांगले पैसे देऊ शकतात.

आयोवा सिटीत आमचे सगळे सुरळीत पार पडले, त्यामुळे सांगण्यासारखे थोडेच आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर विद्यापीठ, मोठे रुग्णालय, पायी फिरता येईल असा मध्यभाग. 2023 च्या ऑगस्टपासून शहराच्या बसला तिकीट नाही. 2008 मध्ये युनेस्कोने या गावाला साहित्यनगरीचा मान दिला, आणि मराठी वाचकाला एवढे ठाऊक असावे की दिलीप चित्रे 1975 ते 1977 या काळात इथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते. त्याच 2008 मध्ये नदीला आलेल्या पुराने विद्यापीठाचे हँचर सभागृह निकामी केले, आणि नवे सभागृह 2016 मध्ये उघडले. तेव्हा नदीकाठचे घर कितीही मोहक असले तरी पूररेषेचा नकाशा आधी पाहावा. उणीव एकच : एका जोडीदाराला विद्यापीठात किंवा रुग्णालयात नोकरी मिळाली नाही तर दुसरे फारसे काही नाही. गाव उत्तम, पर्याय कमी.

ब्लूमिंग्टनला जाण्याआधी आपण कोणत्या ब्लूमिंग्टनचे तिकीट काढत आहोत हे तपासावे, कारण अ‍ॅमट्रॅकच्या यादीत दिसणारे ब्लूमिंग्टन-नॉर्मल इलिनॉयमध्ये आहे आणि दोन्हींमध्ये मोटारीने तीन तासांहून अधिक अंतर आहे. इंडियानातील ब्लूमिंग्टनला प्रवासी रेल्वेच नाही. शॅम्पेनहून तिथे मोटारीने तीन तास लागतात. सार्वजनिक वाहनाने जाण्याचा हट्ट आम्ही केला, सोयीची थेट सेवा मिळाली नाही, आणि गाड्या बदलत, इंडियानापोलिसला ताटकळत, अख्खा दिवस त्यात गेला. शेवटच्या टप्प्यावर हवा-तापवणी बंद असलेल्या एका शटल-गाडीत आम्ही मोजे घातलेले हात काखेत धरून बसलो होतो. या टप्प्यासाठी मोटार भाड्याने घ्यावी. त्यावर दुसरा सल्ला नाही.

गाव मात्र या पाचांत सर्वांत देखणे आहे. दक्षिण इंडियानाच्या बऱ्याच भागावरून प्राचीन हिमनद्या फिरल्या नाहीत, म्हणून इथे चढउतार आणि झाडी टिकून आहे. आणि विद्यापीठाच्या इमारती परिसरातील खाणींच्या त्याच चुनखडीच्या आहेत, जी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीलाही लागली. संगीत विद्यालयाचे कार्यक्रम बरेचसे विनामूल्य असतात. इंडियानात स्वतः राहत असलेल्या घरावरचा कर मूल्यांकनाच्या 1 टक्क्यावर रोखलेला आहे, ही मोठी सोय आहे. तरीही आम्ही नकार दिला. विमानतळ तासाभरावर, रेल्वे नाही, आणि पूर्व कालविभागाच्या पश्चिम टोकाला असल्याने जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आठनंतर उगवतो. मुलांना काळोखात शाळेच्या बससाठी उभे राहावे लागते. (हा शेवटचा दोष अ‍ॅन आर्बरचाही आहे, पण तिथल्या दोषांची यादी आधीच लांबली आहे.)

आता इलिनॉयमधील शॅम्पेन-अर्बाना ही जुळी गावे, ज्यांना आपले विद्यार्थी तिथल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून नुसते ‘यूआययूसी’ म्हणतात आणि ज्यांविषयी त्यांचे मत असे की चहूबाजूंना मका आहे आणि मध्ये अभियांत्रिकी आहे. हे वर्णन चुकीचे नाही. इथले मक्याचे शेतही विद्यापीठाचेच आहे : 1876 पासून चालू असलेले मॉरो प्लॉट्स हे अमेरिकेतील सर्वांत जुने प्रायोगिक शेत आवाराच्या ऐन मध्यावर आहे, आणि त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधले, असे सांगतात. ज्यांना निसर्गाची शोभा हवी त्यांनी इथे येऊ नये. जमीन ताटासारखी सपाट आहे, वाऱ्याला अडवणारे काही नाही, आणि फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या आवारातून चालताना डोळ्यांतले पाणी गालावर गोठते.

पण राहण्याच्या कसोटीवर पाहावे. दोन्ही गावे मिळून लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे अ‍ॅन आर्बरएवढीच, आणि घरांच्या किमती त्याच्या जवळपासही नाहीत. बसचे जाळे इतके दाट आहे की एका मोटारीत कुटुंबाचे भागते. शिकागोची रेल्वे गावाच्या मध्यावर, बसस्थानकाच्याच इमारतीत येते आणि वेळापत्रकानुसार सुमारे पावणेतीन तासांत पोहोचवते. लोहमार्ग मालवाहू कंपनीचा असल्याने उशीर होतो, म्हणून शिकागोला विमान पकडायचे असेल तर आधीची गाडी धरावी. अर्बानाच्या बाजूला विटांचे रस्ते, जुनी झाडे आणि बऱ्या स्थितीतली जुनी घरे आहेत. इलिनॉयचा घरपट्टीचा दर देशातील सर्वांत चढ्या दरांपैकी आहे, हे खरे. तो कर धरूनही आमचे गणित इथे जमले, आणि मार्चमध्ये आम्ही अर्बानात घर ठरवले. त्या आनंदात मी थोडे झुकते माप देत असेन, तरी आकडे माझ्या बाजूने आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडके. हॉटेल ठरवण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे फुटबॉलचे वेळापत्रक उघडावे, आणि पदवीदानाचा मे महिन्यातील आठवडा व ऑगस्टमधील प्रवेशाचा आठवडा टाळावा. विद्यार्थ्यांसाठीच्या उंच इमारतींच्या जाहिरातीतील भाडे संपूर्ण घराचे नसून एका पलंगाचे असते, आणि सामायिक करारात एकजण पळून गेला तर त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. शॅम्पेनमध्ये पुढच्या ऑगस्टची घरे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून उचलली जातात, त्यामुळे वसंतात जाऊन शोधू म्हणणाऱ्याला उरलेसुरलेच मिळते. पाहणीला जायचेच तर जानेवारीच्या अखेरीस, कामाच्या दिवशी जावे, रेल्वे-स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी उतरावे आणि भाड्याची मोटार न घेता बसने किराणा आणून पाहावा.