तुम्ही विचारलंत म्हणून: त्रिकोणमितीची एवढी सूत्रं पाठ कशी केलीत?

चाळिशी ओलांडल्यावर मी कॉलेजचा त्रिकोणमितीचा सुरुवातीचा कोर्स केला, हे कळलं की लोक हमखास हेच विचारतात: "एवढी सूत्रं पाठ कशी केलीत?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाठ केली नाहीत. म्हणजे पहिले तीन आठवडे केली, आणि त्याच तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त अडखळले. शाळेतलं एक वाक्य डोक्यात घट्ट होतं: साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. ते खरंच आहे. पण सरांनी फळ्यावर साइन १५० अंश लिहिलं आणि माझा पेन जागीच थांबला. काटकोन त्रिकोणात एक कोन ९० चा, मग दुसरा १५० चा कसा बसणार? समोरची बाजू कुठली आणि कर्ण कुठला?

त्या रात्री आलेख कागदावर कंपासने १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. मध्यातून आडवी रेघ, तिच्यापासून वर ३७ अंशांची त्रिज्या. ती वर्तुळाला जिथे टेकली, तिथून खाली आडव्या रेघेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं: ६ सेंटीमीटर. त्रिज्येने भागलं की ०.६. कॅल्क्युलेटर म्हणाला ०.६०१८. तोवर साइनचं बटण दाबलं की कुठूनतरी एक आकडा यायचा. तो मी पहिल्यांदा पट्टीवर वाचला. मग १५० अंश काढले. बिंदू डावीकडे गेला, पण उंची ५ सेंटीमीटर, अगदी ३० अंशांना होती तेवढीच. त्रिकोण हवाच कशाला? त्रिज्या १ मानली की वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूची उंची म्हणजे साइन, आणि मध्यापासून तो किती उजवीकडे किंवा डावीकडे आहे ते कोसाइन. २१० अंशांना बिंदू आडव्या रेघेखाली जातो, म्हणून साइन ऋण. कोणत्या चरणात, म्हणजे वर्तुळाच्या कोणत्या पाव भागात, कोणतं चिन्ह, याचा तक्ता मी त्याच रात्री वहीतून फाडला.

याच चित्रात 'साइन' हा शब्दही सापडतो, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. बिंदूचं आडव्या रेघेखाली प्रतिबिंब काढा आणि दोन्ही बिंदू जोडा. कंस म्हणजे धनुष्य, जोडरेघ म्हणजे त्याची दोरी, ज्या. आपली उंची तिच्या निम्मी, म्हणून अर्धज्या. पुढे नुसतं ज्या किंवा जीवा म्हणू लागले. अरबीत त्याचं जीबा झालं. स्वरचिन्हांशिवाय लिहिल्यामुळे कुणीतरी ते जैब वाचलं, म्हणजे कपड्याची घडी, खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा सायनस शब्द आला, आणि तिथून आपल्या कॅल्क्युलेटरवर साइन.

रेडियनशी माझं पटायला वेळ लागला. एकदा साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ आलं आणि मी यंत्र बिघडलं असं धरून बसले. ते रेडियनवर होतं, इतकंच. शेवटी दोरा घेतला. १० सेंटीमीटर कापला आणि त्याच वर्तुळाच्या कडेवर बसवला. त्याच्या दोन टोकांमधला कोन जेमतेम ५७ अंश भरला. कंसाची लांबी त्रिज्येएवढी झाली की होणारा कोन म्हणजे एक रेडियन. मग आर्यभटाची सारणी नव्याने कळली. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात दर ३ अंश ४५ कलांना (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक अशा २४ अर्धज्यांची माहिती आहे. ३ अंश ४५ कला म्हणजे २२५ कला, आणि पहिली अर्धज्याही २२५! या आकड्यांमागची त्रिज्या ३४३८ आहे, कारण पूर्ण वर्तुळाच्या २१६०० कला कडेवर मांडल्या की त्रिज्या तेवढीच येते. कंस आणि दोरी एकाच मापात मोजले, आणि लहान कोनाला दोन्ही जवळजवळ सारखे निघाले. आपण रेडियनमध्ये नेमकं हेच करतो.

आता सूत्रं. साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर १, हे वर्तुळातलं पायथागोरसचं प्रमेय. कोसाइन वर्गाने भागलं की टॅन (साइन भागिले कोसाइन) आणि सेक (१ भागिले कोसाइन) यांचं सूत्र हातात येतं. ३०, ४५, ६० च्या किमतींसाठी अर्धा समभुज त्रिकोण आणि अर्धा चौरस पुरतो. दोन कोनांच्या बेरजेची साइन आणि कोसाइन देणारी दोन सूत्रं मात्र मी लक्षात ठेवली. दुप्पट कोनाची त्यांतूनच निघतात. साइन ९० साठी साइन ३० आणि साइन ६० यांची नुसती बेरीज का चालत नाही? ती १.३६६ येते, आणि बिंदू वर्तुळाच्या वर जाऊ शकत नाही.

माझे गुण गेले ते वेगळ्याच ठिकाणी. '२ साइन क्ष कोसाइन क्ष = साइन क्ष' हे समीकरण होतं. मी दोन्ही बाजूंना साइन क्षने भागलं आणि ६० व ३०० अंश लिहून मोकळी झाले. ० आणि १८० गेले, कारण तिथे साइन शून्य असते आणि मी शून्याने भागलं होतं. ही चूक त्रिकोणमितीची नाही, बीजगणिताची आहे. अपूर्णांक, अवयव, वर्गमुळं यांवर आधी महिनाभर हात फिरवला असता तर कोर्स निम्म्या कष्टात झाला असता, असं माझं ठाम मत आहे. कोन ३० अंश, समोरची बाजू ६, लगतची १०, या त्रिकोणाच्या उदाहरणातही मी १० च्या समोरचा कोन ५६.४ अंश काढून थांबले. कंपासमध्ये ६ घेऊन कंस मारला, तर तो पायाची रेघ दोनदा छेदतो. १२३.६ अंशांचा दुसरा त्रिकोण तिथेच होता.

शेवटच्या परीक्षेत दोन कोनांच्या बेरजेच्या कोसाइनच्या सूत्रात, दोन्ही कोसाइनचा गुणाकार आणि दोन्ही साइनचा गुणाकार यांच्यामध्ये अधिक की उणे, हे ऐन वेळी आठवेना. समासात ६० आणि ३० घालून पाहिले. बेरीज ९० अंश, म्हणजे बिंदू थेट माथ्यावर, कोसाइन शून्य. अधिक घातलं तर ०.८६६ येतं, उणे घातलं तर शून्य. उणे लिहिलं आणि पान उलटलं.